कात टाकल्याची सकाळ

मित्रांनो, मी एक अळी आहे. लगेच नाक मुरडू नका. कुंडलच्या तात्याबांच्या खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, पाचटाखाली माझं घर आहे. मोठी झाले की मी भुईवर पळणारा काळा भुंगेरा होणार आहे.

माझं अंग लांबट आणि चपटं. पाठीवर टणक, तपकिरी पट्ट्या, पुढे सहा पाय, शेपटाला दोन काटे आणि तोंडाशी विळ्यासारखे दोन जबडे. या जबड्यांनी मी हुमणीची कोवळी पिल्लं फस्त करते. हुमणी म्हणजे उसाची मुळं कुरतडणारी पांढरी अळी. म्हणजे बघा, तात्याबांच्या शेताची मी न नेमलेली राखणदार.

पण अंग वाढलं की जुनी कात टाकावी लागते. तेव्हा मी पांढरीफटक आणि मऊ होते. अंग पुन्हा तपकिरी आणि कडक होईपर्यंत काही तास धड पळता येत नाही की चावता येत नाही. परवा सकाळी मी कात टाकली आणि नेमकं त्याच वेळी मनुबाईंचं खुरपं वाळत्या उसाच्या बुडाशी शिरलं. त्या तात्याबांच्या कारभारीण. दोघं हुमणी वेचत होते. पांढरं दिसलं की डब्यात, डबा भरला की बांधावरच्या रॉकेल-पाण्याच्या बादलीत. मीही डब्यात पडले.

भोवती हुमण्या वळवळत होत्या. बांध येईपर्यंत अंग काळवंडलं तर वाचणार, नाहीतर संपले. मला फार भीती वाटत होती. डबा भरत गेला. ऊन डोक्यावर आलं, रॉकेलचा वास यायला लागला, तेव्हा कुठे माझे जबडे कडक झाले. शेजारच्या पिल्लाला मी कडकडून चावले.

तात्याबांनी ओतायला डबा उचलला.

"आवं, थांबा जरा," मनुबाई म्हणाल्या. "मी तर समदी पांढरीच टाकलेली. ही तपकिरी कुठनं आली? आन् ही तर हुमणीच खातीया."

फौजेत वीस वर्षं काढलेले तात्याबा वाकून बघू लागले. "शेपटाला काटं हायती. हुमणीला नसत्यात. अगं, आपलाच शिपाई धरला की आपण."

त्यांनी मला काडीवर घेऊन पाचटात सोडलं. मनुबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या बादलीकडे बघत होत्या.

"काल न बघताच ओतलं की वो. त्यात ह्यातल्या किती आसतील?"

तात्याबांनी डब्यातली एकेक अळी काडीनं उलटून बघायला घेतली.

मित्रांनो, पांढरं दिसलं म्हणून घाई करू नका. पाय बघा, शेपूट बघा, थोडा वेळ जाऊ द्या. मी सुटले त्याच्या आदल्या दिवशी माझ्या दोन बहिणींनी कात टाकली होती. दुपारपर्यंत त्याही तपकिरी झाल्या असत्या.