मास्तरांचं कातरण

मास्तरांनी शिवलेला एकही शर्ट चाळीस वर्षांत परत आला नव्हता. आता मात्र रोज सकाळी एक ताटली परत येत होती, तीही भरलेली.

ताटली नातीची होती. वय वर्षं सात, अंगानं काडी आणि जिभेनं कात्री. मास्तर तिला 'बटण' म्हणायचे, कारण ती तेवढीच होती आणि जिथं चिकटेल तिथून सहज निघायची नाही. तिची आई, म्हणजे मास्तरांची लेक, शहराची बस चालवायची आणि पहाटे साडेपाचला घर सोडायची. जावई जहाजावर, सहा-सहा महिने पाण्यात. आजवर सकाळचं खाणं आजी बघायची. पण धाकट्या मुलीचे दिवस भरत आले, आजी तिच्याकडे गेली, आणि दुकान बंद करून आरामात बसलेल्या मास्तरांच्या हातात उलथनं आलं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी नातीपुढे दूध आणि पोहे ठेवले. तिनं ते पाहिले आणि ती तशीच शाळेत गेली. एका दुपारी वर्गातल्या बाईंचा निरोप आला: मुलगी उपाशी आली होती, कवायतीत तिला चक्कर आली.

लेकीनं संध्याकाळी गणवेशाची टोपी काढायच्या आतच विषय काढला.

"बाबा, शाळेत सकाळी सातला न्याहारीची खोली उघडते. मुलांना तिथंच खायला देतात. बटणला मी तिथं घालते."

"म्हणजे ती साडेसहालाच घराबाहेर पडणार?"

"हो. शेजारच्या काकू सोडतील."

साडेसहा ते आठ हा दीड तास मास्तरांच्या दिवसातला एकमेव असा होता, ज्यात कुणी त्यांना 'तुम्ही बसा निवांत' म्हणत नसे. त्या दीड तासात नात वेणी घालून घ्यायची, स्वप्नं सांगायची, आणि माशांना कान असतात का वगैरे प्रश्न विचारून त्यांच्या नाकी नऊ आणायची. हा दीड तास गेला तर उरलेल्या दिवसाचं काय करायचं, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

"मला एक आठवडा दे," ते म्हणाले. "एखादा शर्ट बसला नाही तर लगेच दुसऱ्या शिंप्याकडे जायचं नसतं. आधी उसवून बघायचं."

"एकच आठवडा," लेक म्हणाली. "शनिवारी माझीही सुट्टी आहे आणि बटणचीही. मी स्वतः बघेन, आणि दुपारी बाराच्या आत शाळेच्या कचेरीत कळवेन. जाणार की नाही जाणार."

मास्तरांनी रविवारी तयारी केली. आजीच्या फोडण्या त्यांना जमत नव्हत्या, आणि बटणला शाळेतल्या मैत्रिणींच्या डब्यातलं पॅनकेक आणि टोस्ट हवं असायचं. तेव्हा त्यांनी दोन्ही कापडं एकत्र शिवायचं ठरवलं. अर्धं आजीचं, अर्धं मैत्रिणींचं.

सोमवारी त्यांनी गव्हाच्या पिठाचं पॅनकेक केलं, साखरेऐवजी गूळ आणि चिमूटभर वेलची घालून. नात ओट्याशी स्टुलावर उभी होती. शिकवायची संधी मास्तर सोडत नसत.

"दूध एकदम ओतायचं नाही. थोडं ओतायचं, ढवळायचं, मग थोडं. एकदम ओतलं की पीठ घाबरतं आणि गोळा होऊन बसतं."

"आणि तवा तापला हे कसं कळतं, आबा?"

"पाण्याचा थेंब टाक. नुसता बसला तर तवा गार. नाचायला लागला तर तापला."

थेंब नाचला. नातही स्टुलावर नाचली. पीठ तव्यावर पसरलं, पण ते गोल झालं नाही. एका बाजूनं त्याला शेपूट फुटली. वाकडी कड मास्तरांना बघवत नसे. त्यांनी त्यावर स्टीलचं झाकण उपडं ठेवलं आणि खास स्वयंपाकासाठी आणलेल्या नव्या कात्रीनं भोवतीची कड कापून टाकली. (शिलाईची कात्री कपाटात होती. तिला पीठच काय, कागदसुद्धा दाखवायची घरात कुणाची हिंमत नव्हती.) कापलेलं कातरण त्यांनी सवयीनं एका वाटीत टाकलं. दुकानातही कातरण फेकायचं नाही, खोक्यात ठेवायचं. ठिगळाला लागतं.

आणखी एक सवय होती. लहान मुलांचे कपडे मास्तर नेहमी वाढत्या अंगाचे शिवत, बाही दोन बोटं लांब, कमरेत चांगली चार बोटं माया, म्हणजे जादा कापड, सोडून. पॅनकेकही त्यांनी तसंच केलं, वाढत्या अंगाचं. ताटलीत ठेवलं तेव्हा ताटली दिसेनाशी झाली. वर केळ्याच्या चकत्या रांगेनं, काजांसारख्या सारख्या अंतरावर.

नात टेबलाशी बसली. तिनं पॅनकेककडे पाहिलं, पॅनकेकनं तिच्याकडे पाहिलं. तिनं एक चकती उचलली, खाल्ली, आणि म्हणाली, "पोट भरलं."

"एका चकतीनं?"

"मोठी होती, आबा."

मंगळवारी ब्रेडचे तुकडे बेसनात बुडवून, ओवा आणि कोथिंबीर घालून तव्यावर भाजले. मास्तरांनी कडा कापून नेमके चौकोन केले. नातीनं दोन घास खाल्ले. संध्याकाळी आजीचा फोन आला.

"अहो, पिठात गुठळ्या राहिल्या असतील."

"गुठळ्या? माझ्या पिठात?"

"मग मीठ जास्त झालं असेल."

"तू धाकटीकडे लक्ष दे," मास्तर म्हणाले, पण फोन ठेवल्यावर त्यांनी गार टोस्ट चाखून पाहिला. मीठ अगदी बेताचं होतं. म्हणजे दोष शिलाईत नव्हता. मग गिऱ्हाईक का पाठ फिरवत होतं?

बुधवारी पोळीवर ऑम्लेट पसरून, चीज किसून, गुंडाळी केली. दोन्ही टोकं कापून सरळ केली. गुंडाळी जशीच्या तशी परत आली. नात शाळेत गेल्यावर मास्तर त्या गुंडाळीकडे बराच वेळ बघत बसले, आणि मग त्यांनी एक गोष्ट केली जी त्यांनी आयुष्यात केली नव्हती. स्वतःचं काम दुसऱ्याच्या नावावर खपवलं. म्हणजे गुंडाळी खाल्ली.

संध्याकाळी लेकीनं विचारलं, "आज?"

"ताटली रिकामी."

"खरंच? सगळं खाल्लं?" लेकीचा चेहरा असा उजळला की मास्तरांना तो बघवेना. रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांनी कसंबसं तोंड दाबून धरलं. भात वाढताना शेवटी सुटलंच.

"ताटली रिकामी होती हे खरं. पण खाल्लं मी."

"बाबा!"

"चांगलं झालं होतं," मास्तर अपराध्यासारखे म्हणाले. "चीज जरा जास्त."

लेक हसली नाही. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. सगळ्यांना सगळं जमतं असं नाही. बाईंचा निरोप मात्र या आठवड्यात आला नाही. चक्कर नाही, काही नाही. हे एक बरं."

मास्तरांनी हे ऐकलं, पण ते स्वतःच्या दुःखात इतके बुडाले होते की ते त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही. उपाशी जाणारी मुलगी कवायत करते कशी, हे त्यांनी विचारायला हवं होतं.

गुरुवारी ओट्स दळून, गाजर किसून, जिरं घालून खारं पॅनकेक झालं. ताटली परत. शुक्रवारी रव्याचं, मटार घालून. मास्तरांचं अर्धं लक्ष उद्याच्या शनिवारात होतं. उलथताना दुसरं पॅनकेक मधोमध फाटलं.

मास्तर डगमगले नाहीत. फाटलं की ठिगळ लावायचं, एवढं त्यांना कळत होतं. अजून ओलं आहे तोवर कातरणाचा एक तुकडा वर बसवला आणि चमचाभर पीठ सोडलं की सांधा कुणाला दिसलाही नसता. पहिल्या पॅनकेकची कड नुकतीच कापली होती. त्यांनी न बघताच मागे हात करून वाटी ओढली.

वाटी रिकामी होती.

"कातरण कुठं गेलं?" मास्तर वळले.

नात स्टुलावर उभी. दोन्ही गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले, डोळे छताकडे.

"बटण."

"म्म."

"तोंडात काय आहे?"

नातीनं घाईघाईनं गिळलं, डोळ्यांत पाणी आलं. "काही नाही."

"सोमवारचं कातरण?"

"खाल्लं."

"टोस्टच्या कडा? पोळीची टोकं?"

"चीजवाली मस्त होती," नात म्हणाली आणि आपण पकडले गेलो हे उशिरा लक्षात येऊन तिनं तोंडावर हात ठेवला.

मास्तरांनी गॅस बारीक केला आणि स्टुलासमोर उकिडवे बसले. गुडघे कुरकुरले.

"मी रागावत नाही. मला फक्त शिकायचं आहे. ताटलीत तेच पीठ, तोच तवा, तोच गूळ. मग ताटलीतलं का नाही खायचं?"

नातीनं बराच विचार केला. उत्तर मोठ्यांना समजावण्याइतकं सोपं नव्हतं.

"ताटलीतलं संपवावं लागतं, आबा. कातरण नुसतंच खायचं असतं."

चाळीस वर्षं मास्तर वाढत्या अंगाचे कपडे शिवत होते आणि आयांना सांगत होते, पुढच्या वर्षी बरोबर बसेल. आज पहिल्यांदा त्यांना त्या ढगळ कपड्यांतली मुलं दिसली, बाह्यांत हात हरवलेली, कुणी बघत नाही ना हे पाहून बाही दुमडणारी. एवढ्याशा पोटापुढे त्यांनी रोज पुढच्या वर्षीचं ताट मांडलं होतं.

"उरलेलं फाटकं पॅनकेक पण कापू का?" त्यांनी विचारलं.

"वाकडं कापा," नात म्हणाली. "सरळ कापलं की ते ताटलीतलं होतं."

शनिवारी लेक घरीच होती. ती आठ वाजता केस बांधत, हातात चहा घेऊन टेबलाशी आली आणि परीक्षकासारखी बसली. मास्तर खुशीत होते. त्यांनी गुळाचं पॅनकेक, बेसनाचा टोस्ट, चीजची गुंडाळी असं तिन्ही केलं होतं आणि सगळ्याची वाकडीतिकडी कातरणं करून मोठ्या वाडग्यात ठेवली होती.

"हे काय?" लेक म्हणाली. "बाबा, तुम्ही हिला उरलंसुरलं खायला घालता?"

"तू फक्त बघ."

"वाडग्यातून? आणि हातानं? थांबा." लेकीनं उठून ताटली आणली. तिच्यात तुकडे नीट मांडले, टोस्ट एकीकडे, गुंडाळी एकीकडे, आणि ताटली मुलीपुढे सरकवली. "हं. आता खा बघू सगळं. मी बघतेय."

नातीचे खांदे खाली आले. तिनं एक तुकडा उचलला, कुरतडला, परत ठेवला.

"पोट भरलं."

लेकीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग वडिलांकडे. तिच्या नजरेत राग नव्हता. तेच जास्त वाईट होतं. "बाबा, मी शाळेला कळवते. तुम्ही खूप केलंत."

मास्तर बोलायला गेले, आणि थांबले. समजावून सांगितलं असतं तर लेक म्हणाली असती, ठीक आहे, खा, बटण, नुसतंच खा. आणि नुसतंच खाणं हे कुणाच्या सांगण्यावरून करता येत नाही.

"कळव," ते म्हणाले. "पण चहा गार होतोय. तू सकाळपासून काही खाल्लंस?"

"मला सवय आहे. बसमध्ये पहिल्या फेरीनंतर बिस्किट खाते."

"मग हे नेऊन ठेवतो आत."

"राहू दे, टाकू नका," लेक म्हणाली आणि फोन हातात घेऊन शाळेचा नंबर शोधता शोधता तिनं सहज ताटलीतला एक तुकडा उचलला. गुळाचा होता. तिनं दुसरा उचलला. मग टोस्टचा. फोन तिनं टेबलावर ठेवला. "ओवा घातलाय?"

"थोडा."

"मस्त झालंय." चौथा, पाचवा. बस चालवायला लागल्यापासून सकाळ नुसत्या बिस्किटावर काढणाऱ्या बाईच्या पोटात किती भूक साठलेली असते ते मास्तरांनी पहिल्यांदाच पाहिलं. ती आता बघतही नव्हती. हात ताटलीत आणि तोंडात, तोंडात आणि ताटलीत.

नात खुर्चीवर सरळ झाली. तिची नजर आईच्या हाताबरोबर खालीवर होऊ लागली. आईनं चीजच्या गुंडाळीचं टोक उचललं, सगळ्यात मोठं, कडेला कुरकुरीत झालेलं.

"आई, ते नको घेऊ."

"का गं?"

"ते माझंय!"

"तुझं तर पोट भरलं होतं."

"आता रिकामं झालं!" नातीनं ताटली दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढली. "टोस्ट पण माझा. तुला आबा दुसरं करून देतील. आबा, आईला सांगा ना! सगळं संपवतेय ती!"

लेकीचा हात हवेतच राहिला. या मुलीच्या तोंडून न्याहारीबद्दल 'माझं' हा शब्द तिनं सात वर्षांत ऐकला नव्हता. नात ताटलीवर वाकून, कोपरांचं कुंपण करून, भराभर खात होती. मधूनच एक डोळा आईवर.

मास्तर मध्ये पडले नाहीत. ही शिलाई त्यांची नव्हती.

लेकीनं फोन उचलला. शाळेत कुणीतरी उचलला तेव्हा तिच्या गालात अजून घास होता.

"हो, मी तिची आई बोलतेय. न्याहारीच्या खोलीसाठी... नाही, नाही. तिचं नाव घालू नका." ती थांबली, पलीकडचं ऐकलं. "घरीच खाते ती. हो. आम्ही दोघी खातो."

तिनं फोन ठेवला आणि हळूच ताटलीकडे बोट नेलं. मुलीनं त्यावर चापट मारली.

"बाबा," लेक म्हणाली, "पीठ आहे का अजून?"

मास्तर उठले आणि तवा पुन्हा चढवला.