माझ्या पाठीवर करवत चालली

मी एक जुनी होडी आहे. जुनी म्हणजे कुजकी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते.

मित्रांनो, मला घडवणारा सुतार आडदांड गडी होता. माझी मागची आडवी फळी त्याने हातानेच मोजली आणि म्हणाला, "दोन विती. मागून लाट आत यायची बिशाद नाही!" पंचेचाळीस वर्षं आली नाही. नावाड्याने मला वल्ह्यांवर चालवलं, दोन्ही काठांची माणसं नेली-आणली. त्याचा छोटा माझ्याच पोटात रांगला. दात येताना त्याने माझी कड चावली, त्या खुणा अजून आहेत.

नावाडी थकला आणि छोटा मालक झाला. चाळिशी उलटली तरी माझ्या लेखी तो छोटाच. त्याला मोटर हवी होती. घ्यावी की! नव्याच्या नावाने नाक मुरडणारी मी नाही. दुकानदाराने विचारलं, "मागची फळी किती उंच?" हा ऐटीत म्हणाला, "दोन विती." दुकानदाराने आपली इवलीशी वीत टेबलावर दोनदा टाकली आणि पंधरा इंचांच्या फळीला बसणारी मोटर बांधून दिली. मला येऊन हात लावून बघायला कुणाला सवड होती?

मोटर माझ्या फळीवर चढली, पण तिचा पंखा जेमतेम पाण्याला टेकला. ती नुसती किंचाळली, फेस उडवला, आणि मी जागची हलले नाही. छोट्याच्या बायकोने शिवणाची टेप आणून लावली.

"अहो, फळी वीस इंच आहे. मोटर आखूड पडतेय. बदलून आणा."

"आणि धक्क्यावरच्यांनी दात काढायचे? मोटर नवीकोरी आहे. होडीच उंच झालीय."

"आता होडी काय या वयात वाढली?"

"तू गप्प बस गं."

त्याने करवत आणली. ज्याला मी अंगाखांद्यावर खेळवलं, त्याने माझ्या फळीत मधोमध पाच इंच खोल खाच पाडली. मोटर तिथे झकास बसली. आठ दिवस मी वाऱ्यासारखी पळाले. लोक म्हणाले, "वा, काय मोटर आहे!" माझं नाव कुणी घेतलं नाही.

नवव्या दिवशी, अकरा माणसं घेऊन धक्क्याजवळ येताना छोट्याने वेग एकदम कमी केला. आम्हीच उठवलेली लाट मागून आली आणि त्या खाचेतून सरळ आत शिरली. मी तळाला बसले. पाणी कमरेइतकंच होतं म्हणून सगळे वाचले. भिजलेली माणसं ओरडली, "झालं काय?"

छोटा म्हणाला, "होडीच कुजली हो. जुनी ना!"

त्याची बायको पदर पिळत उभी होती. छोट्याकडे एकदा पाहून ती घराकडे वळली.

आज लाकूडवाला आला होता. त्याने मला ठोकून पाहिलं. "खणखणीत आहे की! टाकता कशाला?"

छोट्याने खाचेकडे पाहिलं, मग धक्क्यावर बसलेल्या लोकांकडे. म्हणाला, "उद्या सकाळी घेऊन जा."

मित्रांनो, तुमचंही माप कधी चुकेल. चुकलं तर त्याच दिवशी मोठ्याने सांगा. चार लोक हसतील आणि विसरतील. पण आपली चूक मुक्या वस्तूच्या माथी मारू नका. सकाळी गाडी यायच्या आत छोटा एकदा तरी खरं बोलेल म्हणून मी, वेडी, अजून वाट पाहते आहे.