ओल्या पानाचा पिपा

मित्रांनो, तुमच्या घरी धानाच्या कोठीशेजारी माझा एखादा भाऊबंद उभा असेलच. चौकोनी, पत्र्याचा, अंगावर पुसट झालेलं कमळाचं चित्र. आम्हाला पिपा म्हणतात. मीही तसाच एक जुना पिपा आहे. फरक एवढाच, की माझं बूड पार चेपलेलं आहे. ते कसं चेपलं, हे तुम्हाला सांगावं असं फार दिवसांपासून मनात होतं.

माझा जन्म कुठल्याशा तेलाच्या कारखान्यात झाला. जन्मल्याबरोबर पोटात गोडेतेल भरलं आणि मी साकोलीच्या बाजारात आलो. तेल संपलं की पिप्याचं आयुष्य संपलं असं लोक समजतात. माझं तर तिथूनच सुरू झालं. शकुनबाईने मला दुकानदाराकडून उचललं, टिनाचं काम करणाऱ्याकडून वरचा पत्रा कापून झाकण आणि कडी बसवून घेतली, आणि डोक्यावर घेऊन आपल्या गावी आणलं. ती सत्तरनंतरची सुरुवातीची वर्षं. तिची रुखमिणी तेव्हा परकर-पोलक्यात होती.

शकुनबाई बिड्या वळायची. ठेकेदाराकडून तेंदूचं पान आणि तंबाखू आणायची, पान भिजवायचं, कापायचं, आणि सूप मांडीवर घेऊन वळत बसायचं. पान वाळलं की तडकतं आणि त्याची बिडी होत नाही. म्हणून भिजवलेलं पान फडक्यात गुंडाळून माझ्या पोटात ठेवायचं आणि कडी लावायची. "माह्या पिप्यातलं पान कधी वाळत नाई, बाई," असं ती शेजारणींना सांगायची. ही स्तुती ऐकून मी फुगून जायचो. त्या ओलीने मला आतून गंज चढत होता, पण तिकडे लक्ष द्यायला कोणाला फुरसत होती?

रोज संध्याकाळी बिड्या घेऊन यादोराव ठेकेदाराच्या ओसरीवर जायचं. यादोराव छाट काढायचा. छाट म्हणजे, ही वाकडी, ती ढिली, असं म्हणत बिड्या बाजूला टाकायच्या. छाटलेल्या बिडीची मजुरी नाही आणि ती बिडी परतही नाही. मग सगळ्या बाया समोर उभ्या असताना त्याच छाटीतली एक उचलून तो खुशाल पेटवायचा. रुखमिणी मोठी झाली, आईसोबत जाऊ लागली, आणि रोज हे बघू लागली. घरी आली की ती माझ्या पाठीवर बोटं आपटत बसायची. राग होता तो, पण त्याला ताल होता.

आमच्या गावात नवयुवक मंडळाची एक खोली होती. आत एक कॅरम, भिंतीला एक फुटका आरसा. तरी सगळे ऐटीत तिला क्लब म्हणत. क्लबचा चिटणीस श्रावण नागपूरला शिकायला गेला आणि नापास होऊन परत आला; येताना रद्दीतलं एक मासिक तेवढं घेऊन आला. त्यात विलायतेतल्या, पंक नावाचं बंडखोर संगीत वाजवणाऱ्या पोरांचे फोटो होते. फाटके सदरे, उभे केस, गळ्यात साखळ्या.

"यायले वाजवता येत नाई, तरी वाजवून राहिले," श्रावण सगळ्यांना फोटो दाखवत म्हणाला. "आपल्याले बी येत नाई. मंग आपलं अडलं काहून?"

झालं. त्र्याऐंशी सालच्या हिवाळ्यात, धानाची मळणी उरकल्यावर, क्लबात गावोगावच्या गाण्या-वाजवण्याच्या पार्ट्यांची रात्र ठरली. अट एकच, सिनेमाचं गाणं चालणार नाही. गाणं आपलं स्वतःचं पाहिजे.

रुखमिणीने नाव दिलं. सोबत शेजारची मंगला, सूप वाजवायला. रुखमिणीने माझ्यातलं पान गोणपाटाच्या बोरीत काढून ठेवलं, मला उलटं केलं आणि दोन काड्यांनी माझ्या बुडावर ठोका दिला. मित्रांनो, इतकी वर्षं दुसऱ्याचं पान सांभाळलं, पण आपल्याला आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं. मला रडूच आलं असतं, पण पिप्याला ती सोय नाही.

गाणं तिने स्वतः जुळवलं होतं:

पान तुमचं, तंबाखू तुमची,
बोटं माही जी, बोटं माही;
वाकडी म्हणून छाटली बिडी,
मंग ओढली काहून जी, काहून?

गावात गोष्ट लपत नाही. यादोरावच्या कानावर गेलंच. ओसरीवर बाया जमल्या असताना तो शांतपणे म्हणाला, "ज्या घरची पोरगी ते गाणं म्हणंल, त्या घरचं पान बंद."

पान बंद म्हणजे चूल बंद. शकुनबाईला त्या रात्री झोप आली नाही. सकाळी तिने रुखमिणीला जवळ बसवलं. "तुले गाणंच म्हणायचं त देवाचं म्हण ना व. हे काहून?"

"माय, हे तुहंच गाणं आहे," रुखमिणी म्हणाली. "तू म्हणत नाईस, म्हणून मी म्हणून राहिली."

शकुनबाईने सूप मांडीवर ओढलं आणि बिड्या वळायला लागली. हो म्हणाली नाही, आणि नाहीही म्हणाली नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी रुखमिणी आणि मंगला आवराआवर करायला दुपारीच क्लबात गेल्या. इकडे शकुनबाई पान घेऊन आली, भिजवलं, कापलं, फडक्यांत बांधलं, आणि डोक्यात नाना काळज्या असल्यामुळे सवयीच्या हातांनी सगळं माझ्या पोटात ठेवून कडी लावली. थोड्या वेळाने, ती विहिरीवर गेलेली असताना, श्रावण सायकल घेऊन आला आणि मला कॅरिअरवर बांधून घेऊन गेला. वजन लागलं त्याला, पण पार्टीचं सामान असेल असं त्याला वाटलं. मी ओरडून सांगणार कसा? तोंड एकच, आणि त्यात पान कोंबलेलं!

दिवेलागणीला क्लब खच्चून भरला. पेट्रोमॅक्सची बत्ती यादोरावची होती, म्हणून पुढची खुर्चीही त्याचीच. पुरुष आत आणि बाया दारात, खिडकीत. दिघोरीची पोरं साबण लावून केस उभे करून आली होती. त्यांच्या बुलबुलतरंगाची तार पहिल्याच कडव्यात तुटली, तरी ती थांबली नाहीत; शेवटी नुसती ओरडली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. क्लबच्या पोरांनी सायकलच्या घंट्या आणि थाळ्या बडवून एसटीच्या वाट पाहण्यावर गाणं म्हटलं. बेसूर होतं, पण मनापासून होतं.

मग रुखमिणी उभी राहिली. श्रावणने मला आणून उलटं ठेवलं. तिने काडी उचलली आणि जीव खाऊन ठोका दिला.

धप्.

पुन्हा धप्. पोरं खिदळू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रुखमिणीने मला सरळ केलं, कडी काढली, आणि बघते तर आत ओलं पान. "अवो माय!" दारात शकुनबाईने कपाळावर हात मारला. "सवयीनं ठेवलं व मी!"

यादोराव हसला. "पान आहे ना त्यात? मंग घेऊन जाय घरी. इथं वाळलं त त्याची बिडी मी घेणार नाई."

पेट्रोमॅक्सच्या उष्णतेत उघडं पान किती वेळ टिकणार? झाकण लावलं तर पान वाचतं आणि गाणं बुडतं. रुखमिणीचा हात कडीवर गेला. तिचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात शकुनबाई उंबरा ओलांडून आत आली. क्लबच्या खोलीत आजवर कुठलीच बाई बसायला आली नव्हती. ती सगळ्यांदेखत माझ्यासमोर बसली आणि पदर पसरला. "दे इकडं. ओटीत बी पान ओलंच राहते."

एका ओटीत सगळं पान मावेना. मग मंगलाची आई आत आली. मग खिडकीतल्या बाया आल्या. प्रत्येकीने एकेक ओलं पुडकं पदरात बांधून घेतलं आणि सगळ्या मांडी घालून ओळीने बसल्या. मी रिकामा झालो.

"वाजव आता," शकुनबाई म्हणाली.

मित्रांनो, मग मी वाजलो! रुखमिणी गात होती, मंगलाचं सूप फडफडत होतं आणि "काहून जी, काहून?" सगळ्या बाया एका आवाजात म्हणत होत्या. माझं बूड चेपलं ते तेव्हा. दुखलं, पण थांबावंसं वाटलं नाही.

यादोराव ताडकन उठला. "कोणाचं पान आहे हे, सगळ्यांपुढं बोला! त्या घरचं बंद!"

"माहं," शकुनबाई म्हणाली.

"माहं," मंगलाची आई म्हणाली. मग तिसरी, मग तिच्या पलीकडची. साऱ्या बाया तेच म्हणाल्या. ओल्या पदरांच्या त्या ओळीकडे यादोराव बघत राहिला. सगळ्याच घरांचं पान बंद केलं तर बिड्या कोण वळणार, हे त्यालाही कळत होतं. त्याच्या बोटांत छाटीतलीच एक बिडी जळत होती. सगळे त्या बिडीकडे बघत होते. त्याने ती विझवली आणि गुपचूप खुर्चीवर बसला.

दुसऱ्या दिवसापासून छाटलेली बिडी ज्या बाईची तिच्या सुपात परत येऊ लागली. छाटही कमी झाली. शकुनबाईने पानासाठी मडकं घेतलं आणि मला कायमचं रुखमिणीच्या हवाली केलं. त्यानंतर कितीतरी हिवाळे मी क्लबात वाजलो.

आता रुखमिणी लग्न होऊन लाखांदूरकडे गेली आहे. क्लबात खरा ड्रम आला आहे, आणि मी मागच्या भिंतीशी आभाळाकडे तोंड करून पडलो आहे. पाणी साचतं, गंज खातो. माझी तक्रार नाही; ड्रमचा आवाज चांगला आहे. फक्त एक विनंती आहे. येता-जाता कोणी दिसलात तर मला तेवढा उलटा करून ठेवा. पाणी साचणार नाही, आणि कोणा पोरीला कधी राग आलाच, तर बूड वरच सापडेल.