पुढाऱ्याच्या गळ्यातली घंटा

मी घंटा बोलतेय. देवळातली नव्हे, मेंढ्याच्या गळ्यातली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, खडूच्या टेकड्यांत, एका लोहारानं मला पत्र्यातून ठोकून काढलं आणि एनॉक टपेन या मेंढपाळाला दिलं.

एनॉकनं मला डीकनच्या गळ्यात बांधलं. डीकन म्हणजे खच्ची केलेला थोराड मेंढा. अशा मेंढ्याला इकडे ‘वेदर’ म्हणतात आणि घंटेला ‘बेल’. आम्हा दोघांचं मिळून झालं ‘बेलवेदर’. पुढं हा शब्द माणसांतल्या पुढाऱ्यांनाही चिकटला, त्याचं मला हसू येतं. डीकन बिचारा नुसता पुढं चालायचा. बाकीचे यायचे ते माझ्या आवाजामागं. धुक्यात पुढच्याची शेपटीही दिसत नसे, पण मी वाजले की कळप कड्यापासून वळायचा. कड्याखाली समुद्र होता.

मग एनॉक वारला. इथं मेंढपाळाला पुरताना मुठीत लोकरीचा झुबका देतात, म्हणजे रविवारी हा चर्चला का येत नव्हता, हे देवाला वेगळं सांगावं लागत नाही. त्याची लेक थर्झा म्हणाली, “एवढीशी लोकर देवाला दिसली नाही तर?” आणि तिनं मलाच बापाच्या मुठीत दिलं.

शेजारीण मार्था कळवळली. “अगं बये, मेल्याला घंटा दिलीस, मग जित्यांनी कुणामागं जायचं?”

“डीकनला वाट पाठ आहे, मावशी.”

वाट पाठ होती, पण बिनघंटेच्या डीकनला विचारतो कोण? पहिल्याच धुक्यात कळप कड्याकडे निघाला आणि थर्झा त्याच्यामागं. तेव्हा मातीखाली एनॉकची बोटं हलली. खरं सांगते, हलली. मी वाजले. मेंढ्या वळल्या, थर्झाही वळली आणि सगळी दफनभूमीत येऊन थांबली. मातीला कान लावून ती पोटभर रडली. तेव्हापासून धुकं पडलं की ती माझ्या आवाजावर निर्धास्त चालत येते.

पण हा कडा दर हिवाळ्यात ढासळतो. यंदा तो दफनभूमीची भिंत गिळून आमच्यापर्यंत आला. एनॉकची शवपेटी फुटली. त्याची बोटंही गळून समुद्रात पडलीत. मी फळीच्या एका खिळ्याला अडकून उघड्यावर लोंबकळतेय आणि खाली लाटा आहेत.

आज दाट धुकं आहे. समुद्रावरून वारा येतोय आणि मला गप्प राहता येत नाही. मेंढ्यांची पावलं जवळ आलीत. त्यांच्यामागून थर्झा म्हणतेय, “आले हं, बाबा.”

पोरी, मागं फीर. मला हलवतोय तो तुझा बाप नव्हे.