फुलं वाळवायची जागा

कुठेही जा, पळसाला पानं तीनच, असं ज्यानं म्हणून ठेवलं त्यानं आयुष्यात कधी क्रीम बनवलं नव्हतं एवढं नक्की. पानं असतील तीन. फुलांचं काय? एका झाडाची फुलं कुटली तर भुकटी केशरी, बांधापलीकडच्या झाडाची कुटली तर विटकरी, आणि अवकाळीचा एक शिडकावा लागलेल्या फुलांची भुकटी थेट तंबाखूसारखी. मोनाली मडावीनं नागपुरात औषधशास्त्राची पदवी घेतली होती. पण तिथल्या एकाही मास्तरानं तिला हे सांगितलं नव्हतं, कारण मास्तरांचा माल डबीतून यायचा आणि डबीतला माल दरवेळी सारखाच असायचा.

पदवी घेऊन ती कुरखेड्याकडे परत आली तेव्हा गावानं कपाळाला हात लावला. शिकलेली पोरगी शहरात जाते, ही उलटी आली. तिनं बचत गटाच्या बायका गोळा केल्या, ग्रामपंचायतीची एक रिकामी खोली मागून घेतली, तिला फरशी बसवली, चुना मारला आणि मोहाच्या बियांच्या, म्हणजे टोरीच्या तेलाचं क्रीम बनवायला घेतलं. इथं टोरीचं तेल पिढ्यान् पिढ्या भेगाळलेल्या टाचांना लावतात. ते चेहऱ्याला लावायला काय हरकत आहे, असा साधा हिशेब होता. साधे हिशेबच माणसाला बुडवतात.

नागपूरच्या एका कंपनीचा आदेश नावाचा तरुण येऊन खोली बघून गेला. त्याला खोली आवडली, बायका आवडल्या, चहासुद्धा आवडला. क्रीम मात्र त्याला असं हवं होतं: हाताला लोण्यासारखं, रंगाला केशरी झाक, टोरीचा उग्र वास अजिबात नाही, सहा महिने टिकणारं आणि आत केमिकल नावाला नको. सासूला हवी असते तशी सून झाली ही. कामाला वाघीण आणि खायला चिमणी.

मोनालीनं आधी पाणी न घालता नुसत्या तेलाचं आणि मधमाश्यांच्या मेणाचं मलम केलं. पाणी नाही तिथं बुरशी नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मलम सुरेख जमलं. मग वैशाखाच्या उन्हात ते खोक्यात बसून नागपूरला निघालं आणि पोचेपर्यंत त्याचं पुन्हा तेल झालं. आदेशनं फोनवर सांगितलं की खोकं उघडल्यावर ऑफिसात भजी तळल्यासारखा वास सुटला. मेण वाढवलं तर मलम दगड व्हायचं. शेवटी पाणी घालून क्रीम करणं भाग पडलं, आणि पाणी आलं की त्यामागून सगळे बिनबोलावलेले पाहुणे येतात.

"थोडं प्रिझर्वेटिव्ह घालू द्या," ती आदेशला म्हणाली. "चिमूटभर. लोणच्यात मीठ घालतो तसं."

"मॅडम, जंगलातून आलेल्या क्रीममध्ये केमिकल? लोक आता डबी उलटी करून वाचतात."

"आणि डबी उघडल्यावर बुरशी दिसली तर काय वाचतील?"

"ते बघणं तर तुमचं काम आहे," आदेश म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं.

रंगाचं दुखणं वेगळंच. पळसाची भुकटी उकळली की रंग मरायचा, नाही उकळली की बुरशी जगायची. इकडे आड तिकडे विहीर. मोनालीनं विहीर निवडली. क्रीम थंड झाल्यावर भुकटी वरून घालायची आणि बाकी सगळं इतकं स्वच्छ ठेवायचं की बुरशीला पाय टेकायला जागा उरू नये. पहिले दोन नमुने तरीही प्रयोगशाळेत नापास झाले. तेव्हा तिनं बायकांना बसवून कळकळीनं सांगितलं, "आता एकच करा. स्वच्छता. ज्या जागेवर फुलं उन्हात टाकता ती जागा दरवेळी नव्यानं स्वच्छ करायची. काल केली होती म्हणून आज चालवून घ्यायचं नाही."

फुलं असायची नीलाबाईंकडे. पावसाळ्यात साठवणीतली फुलं सर्द होत, म्हणून थोडं ऊन पडलं की त्यांना ती आपल्या अंगणात पसरावी लागत, आणि पुढंही प्रत्येक नमुन्याआधी एकदा ऊन दाखवावं लागे. नीलाबाई गटातल्या सगळ्यांत थोरल्या. नवरा गेलेला, मुलगा लालसू, सून सोमारी आणि चार वर्षांची नात दिव्या. धान घरात आलं की दरवर्षी लालसू आणि सोमारी तेलंगणात मिरची तोडायला जात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतत. मागच्या वर्षी सोमारी परतली, गाडीतून उतरून हात पसरले, तर दिव्या आजीच्या लुगड्यामागं लपली. कोण आली म्हणून विचारलं तिनं. सोमारी हसली, सगळ्यांदेखत हसली, आणि मग घरामागं जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी आधीच घासलेली होती.

तेव्हापासून नीलाबाईंनी क्रीमचा ध्यास घेतला. क्रीम चाललं तर खोलीत सुनेला बारमाही काम होतं आणि लालसूला टोरीची घाणी सांभाळायची होती. "पोरी, मले तुहं शास्त्र समजत नाई," त्या मोनालीला म्हणत. "तुही क्रीम पास झाली तं सोमारी घरी राहते. नाई झाली तं गाडीत बसते. मले एवढंच समजते."

मोनालीला रात्री पडल्यावर हेच वाक्य ऐकू यायचं. बाकी सगळ्यांचं जे व्हायचं ते होवो, पण या एका बाईला आपण आशा लावली आहे, आणि आशा लावणं हे कर्ज घेण्याहून वाईट, असं तिला वाटायचं.

तिसऱ्या नमुन्यात तिनं जीव ओतला. बायका डोक्याला टोप्या घालून काम करत होत्या, डब्या उकळून घेतल्या होत्या, पाणी दोनदा गाळलं होतं. क्रीम असं उतरलं की सोमारीनं बोटावर घेऊन नुसतं बघतच बसावं. आदेशला फोटो पाठवला तर त्यानं लगेच फोन केला. पौषात नागपूरच्या प्रयोगशाळेतून निकाल यायचा होता आणि मिरचीची गाडीही पौषातच निघायची होती. मुकादम दारावरून दोनदा विचारून गेला. लालसू दोन्ही वेळा म्हणाला, "थांब जरासाक, निकाल येऊन राह्यला."

निकाल फोनवर आला. प्रयोगशाळेतला माणूस चक्रावला होता. "मॅडम, आधीच्या दोन्हींपेक्षा हा वाईट आहे. आणि हे साधे जंतू नाहीत, गुराढोरांच्या पोटात असतात तसले आहेत. तुम्ही गोठ्याशेजारी काम करता का?"

"नाही," मोनाली म्हणाली. "फरशीची खोली आहे. आसपास एक शेळीसुद्धा नाही."

फोन ठेवून तिनं खोलीचा कोपरा न् कोपरा पुन्हा पाहिला. पाणी हुंगलं, फडकी हुंगली, टोप्या उलट्या करून पाहिल्या. सगळं लख्ख होतं. तिला वाटलं, कुणीतरी आपली चेष्टा करतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नीलाबाईंना सांगायला गेली. थंडी कडाक्याची होती. अंगणाच्या तोंडाशी पोचली तोच आतून आवाज आला, "थांब पोरी, तिकडून ये. ओलं हाये."

नीलाबाई उकिडव्या बसून अंगण सारवत होत्या. बाजूला बादलीत ताजं शेण कालवलेलं, वाफ निघणारं. हात अर्धगोल फिरत होता आणि त्या हातामागं जमीन गुळगुळीत, हिरवट, देखणी होत जात होती. कडेला टोपल्यात पळसाची फुलं वाट बघत होती.

"आज दोनदा हात फिरवला," त्या म्हणाल्या. "तू सांगतलं ना, दरवेळेस नव्यानं. पह्यले आठ दिवसातून एकदा सारवायची. आता फुलं टाकाच्या आधी दरवेळेस सारवतो. आपल्याच गाईचं ताजं घेतो, दुसऱ्याच्या घरचं नाई. थोडं सुकलं का टाकतो फुलं."

मोनाली होती तिथंच उभी राहिली. अशाच अंगणात ती रांगली होती. अशाच जमिनीवर तिच्या आईनं तिला जेवायला वाढलं होतं, सणाला अशाच जमिनीवर देव मांडले होते. या अंगणात ती शेकडो वेळा आली, फुलं पाहिली, उचलून हुंगली, आणि तिच्या पदवीला एकदाही काही खटकलं नाही. शेण म्हणजे घाण हे तिच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. स्वच्छ करा म्हटल्यावर या घरात दुसरं काय करणार? आणि ती जितकी कळकळीनं सांगत गेली तितक्याच निष्ठेनं नीलाबाई सारवत गेल्या. हसावं की रडावं असं म्हणायची पद्धत आहे, पण मोनालीला यातलं हसू कुठं दिसेना.

"काय म्हणला तो नागपूरवाला?" नीलाबाईंनी हात न थांबवता विचारलं.

"नापास," मोनाली म्हणाली.

हात थांबला. नीलाबाईंनी हळू विचारलं, "आमच्या हातून काई चुकलं का?"

खरं सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य उच्चारलं की या बाईला कळणार होतं की सुनेला घरी ठेवण्यासाठी तिनं जे जे केलं त्यानंच सून आता गाडीत बसणार. मोनालीच्या तोंडातून भलतंच निघालं. "नाई काकी. या साली फुलंच खराब होती."

"मले वाटलंच," नीलाबाई म्हणाल्या. "रंग उतरला होता."

मोनाली घरामागच्या बाभळीपाशी गेली आणि तिनं आदेशला फोन लावला. कारण सापडलं आहे, ती म्हणाली. नवी फुलं आली की जमिनीपासून वर जाळीवर वाळवू, एक संधी द्या, या वेळी नापास होणार नाही.

"नवी फुलं कधी येतात?"

"फागुनात. दीड-दोन महिने."

आदेश वाईट माणूस नव्हता, तोही कुणाचा तरी नोकरच. "मॅडम, होळीच्या आधी माल दुकानात लागायला हवा. वरच्यांनी दुसरीकडे ठरवलं आहे. ते तयार रंग वापरतात, बाटलीतला." मग म्हणाला, "तुमची टोरी मात्र घेऊ. नुसती बी, पोत्यात. तिच्यात काही बिघडण्यासारखं नसतं."

तिनं पळसाकडे पाहिलं. बांधावरच्या झाडाला अजून पानंच होती, फुलाची कळीसुद्धा नव्हती. झाडाला घाई करायला सांगता येत नाही. कुणावर रागवावं हेही तिला सुचेना. आदेशवर, प्रयोगशाळेवर, त्या गाईवर? ज्याचं त्याचं ज्यानं त्यानं नीटच केलं होतं.

गाडी दोन दिवसांनी सकाळी आली. आधीच बायका-पुरुषांनी भरलेली होती. गाठोडी, पातेली, एक कोंबडी. लालसूनं आपलं गाठोडं वर टाकलं. सोमारीनं दिव्याचे केस विंचरले, पुन्हा विंचरले, आणि तिला सासूच्या कडेवर दिलं. "आजीले तरास देऊ नको," एवढंच म्हणाली. दिव्या या वेळी रडली नाही. तिला गाडीतली कोंबडी बघायची होती.

मोनाली तिथं कशाला आली होती कोण जाणे. न येण्याचा धीर झाला नाही म्हणून आली असावी. सोमारी तिला बघून म्हणाली, "ताई, पुढच्या साली करू ना." त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच मोनालीला तिच्याकडे बघवलं नाही. गाडी निघाली. वळणापर्यंत सोमारीचा हात दिसत होता, मग धुळीत तोही दिसेनासा झाला.

माणसं पांगली. नीलाबाई तिथंच उभ्या होत्या, नात कडेवर घेऊन.

"मोनाली," त्या म्हणाल्या, "एक इचारू? दोन दिसापासून मनात येऊन राह्यलं. फुलं आमच्याच घरी होती. आमचं काई चुकलं असतं, तं तू सांगतली असती ना मले?"

मोनालीनं दिव्याच्या पायातून घसरलेला मोजा हळूच वर ओढला.

"हो काकी," ती म्हणाली. "सांगतली असती."