खांद्यावरची चार बोटं

चार बोटं. दिमकाच्या डाव्या खांद्यावर चारच बोटं — शेजारची बाई फोटोतून छाटलेली, पण बोटं तेवढी राहून गेलेली... अनामिकेचं नख मधोमध चिरलेलं. वेलिकाने पडद्यावरचा फोटो मोठा केला, पुन्हा लहान केला. नख तिचं स्वतःचंच होतं.

खरं तर तिला फक्त शिवणकारखान्याची माहिती हवी होती. उद्या दहाला मुलाखत, काम कापड तपासायचं. पेन्शनला चौदा महिने कमी पडत होते, आणि एकसष्ट वर्षांच्या बाईला स्लिव्हेनमध्ये दुसरं कोण बोलावतंय? लेकीने फोनवर बजावलं होतं, "आई, जाण्याआधी मालकिणीचं नाव टाकून बघ." टाकलं. नेव्हेना... आणि नेव्हेनाच्या पानावर हा श्रद्धांजलीचा कागद, दारांवर नि विजेच्या खांबांवर चिकटवतात तसाच, काळ्या चौकटीतला — तिची आई, दिमका, जाऊन पाच वर्षं झाली.

बाल्कनीतून भाजल्या मिरच्यांचा वास आला, पाठोपाठ नवऱ्याचा आवाज. "अगं ए, मालकीण सापडली, की सोयरीक जुळवतेयस तिची?"

"तू मिरच्या जाळू नकोस, कोल्यो, म्हणजे झालं!"

पंच्याऐंशी साल, खेड्यातलं चर्च, दाराला आतून कडी — कम्युनिस्ट राजवटीत चोरूनच करावे लागत बाप्तिस्मे — आणि ओलं, रडून लाल झालेलं ते बाळ वेलिकाच्या हातात, धर्ममाता म्हणून. "वेले, आता मी मेले तरी हिला आई आहे," दिमका म्हणाली होती. पुढच्याच आठवड्यात कुणीतरी चहाडी केली. दोघी कामाला होत्या त्या गिरणीत, पक्षाच्या सेक्रेटरीसमोर — टेबलावर अर्धं खाल्लेलं सफरचंद होतं, हेच का लक्षात राहावं? — "पोरीला कुणी धरलं होतं?"

"मी नव्हते तिथे. तिचं तिने केलं असेल."

सरकारी फ्लॅट मिळणाऱ्यांच्या यादीतून दिमकाचं नाव गेलं. तिला रंगखात्यात टाकलं. कोपरापर्यंत निळे हात घेऊन ती समोरून यायची, आणि आधी नमस्कार करायची तीच... वेलिका रस्ता बदलायची. मग गिरणीच बंद पडली.

फोटोखाली कुणी विचारलं होतं, "नेव्हे, हात कुणाचा गं तो?" आणि नेव्हेनाचं उत्तर: "माझ्या धर्ममातेचा. आईने नाव शेवटपर्यंत सांगितलं नाही. म्हणायची, येईल ती तिच्या वेळेने."

सांगितलं नाही? इतकी वर्षं एकच धाक होता, की दिमकाने सांगितलं असेल. सांगितलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर उद्या मान खाली घालून उभं तरी राहता आलं असतं. पण नाही — सगळं सांगणं तिच्यावरच ठेवून गेली बया!

कोल्यो काळी बोटं पुसत दारात आला. "एवढी कसली धास्ती? घेतील तुला. तुझ्याएवढं कापड कळतं कुणाला?"

घेतील... सकाळपासून न घेण्याची भीती होती, ती कधी निघून गेली तिला कळलंच नाही. घेतील. चौदा महिने. आणि रोज सकाळी ती पोर हसून विचारेल, कॉफी घेतलीत का, मावशी?