वरची मूठ

दुकानोदुकानी जाऊन वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, म्हणून सगळे त्यांना काटेवाले म्हणत. घरात मात्र वजन होतं ते बायकोच्या शब्दाला.

वाणसामानात चार पैसे वाचवायचे, असं दोघांचं ठरलं तेव्हा काटेवाल्यांनी तिला मोठ्या बाजारात पाठवलं. तिथे तांदूळ, डाळ, साखर, सगळंच थोडं स्वस्त होतं. तिने महिनाभर तिथून सामान आणलं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा कोपऱ्यावरचं दुकान धरलं.

"अगं, तिथे महाग पडतं," काटेवाले म्हणाले.

"महाग पडतं, पण पुरतं. बाजारातले दहा किलो तांदूळ पंचविसाव्या दिवशी संपले. कोपऱ्यावरून किलो-किलोने आणलेले तेवढेच तांदूळ दोन दिवस जास्त जातात. उलट स्वस्तच पडतात."

"तू हात आखडता घेत असशील."

"जेवताना तुम्हाला तसं कधी वाटलं का?"

काटेवाल्यांना तसं कधीच वाटलं नव्हतं. पण डोक्यात किडा वळवळायला लागला. खाणारी तोंडं तीच, पातेलं तेच, मग दोन दिवस आले कुठून? ती अंघोळीला गेल्यावर त्यांनी कामाचा काटा ओट्यावर मांडला. बाजारातली न फोडलेली साखरेची पिशवी ठेवली. बरोबर एक किलो. मग कोपऱ्यावरून आलेली तांदळाची पिशवी ठेवली. एक किलो आणि वर सत्तर ग्रॅम. डाळ पासष्ट ग्रॅमने जास्त.

त्या दुकानातला काटा दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच लावून दिला होता. म्हणजे आपल्या हातून चूक झाली आणि बिचारी दुकानदारीण रोज नुकसान सोसते आहे.

वजनांची पेटी घेऊन ते तडक दुकानात गेले. "ताई, काटा जरा तपासतो. पैसे नकोत."

त्यांनी एक किलोचं वजन ठेवलं, पाच किलोचं ठेवलं, काट्याचं ताट कोपऱ्या-कोपऱ्यात दाबून पाहिलं. काटा चोख होता. जीव भांड्यात पडला, पण कोडं काही सुटलं नाही. म्हणून पेटी आवरण्याच्या निमित्ताने ते तिथेच रेंगाळले.

एक म्हातारे गृहस्थ साखर घ्यायला आले. दुकानदारीण त्यांच्या गुडघ्याची चौकशी करत साखर ओतत होती. आकडा एक किलोवर थांबला, तिने पिशवी उचलली, आणि तोंड बांधायच्या आधी तिचा हात पोत्यात गेला. एक मूठ साखर पिशवीत पडली. तिने काट्याकडे पाहिलं नाही की पोत्याकडे. नंतरच्या गिऱ्हाइकालाही तेच. त्याच्या नंतरच्यालाही.

"ताई, ही वरची मूठ कसली?"

"कुठली मूठ?"

त्यांनी पुढची पिशवी तिच्यासमोर पुन्हा काट्यावर ठेवली. आकडा पाहून ती खाली स्टुलावरच बसली. "मला खरंच माहीत नाही हो भाऊ. सासरे असं घालायचे. त्यांच्या शेजारी उभं राहूनच मी शिकले."

घरी येऊन त्यांनी मोठ्या कौतुकाने सगळं सांगितलं. बायकोने कपाळाला हात लावला. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं विचारायला? सरळ चाललेल्या गोष्टीत नाक खुपसायचं."

पुढच्या वेळी तांदूळ आले ते बरोबर एक किलो. दोन दिवस बायको त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. काटेवाल्यांनाही चैन पडेना. चूक दाखवली की चांगलं काही मोडलं, हेच त्यांना उमगत नव्हतं.

पंधरवड्याने ते आपणहून दुकानात गेले. दुकानदारीण त्यांना पाहून हसली, पण थकलेली दिसत होती.

"तुम्ही दाखवलंत ते बरं झालं. महिन्याला पोतंभर माल असाच जात होता," ती म्हणाली. "पण मूठ थांबवली आणि माझे डोळे काट्याला चिकटले. मी बघते म्हणून गिऱ्हाईकही बघायला लागलं. पूर्वी लोक माझ्याकडे बघून बोलायचे. आता दाण्या-दाण्याला 'अजून टाका, अजून टाका' चालू असतं."

"मग काय ठरवलंत?"

"कालपासून घालते आहे. निम्मी. आता मोजून घालते, म्हणून ती जड जाते, पण होईल सवयीने हलकी."

काटेवाले एक किलो तांदूळ घेऊन घरी आले. बायकोने पिशवी हातात घेऊन तोलली, त्यांच्याकडे पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं. त्यांना पिशवी काट्यावर ठेवायचा अनावर मोह झाला होता. किती असेल, तीस ग्रॅम की पस्तीस? पण तिने पिशवी सोडून तांदूळ डब्यात ओतूनही टाकले होते.

"या महिन्यात दिवस मोजू," ती म्हणाली. "माझा अंदाज एक दिवस जास्त."

"माझा दीड," काटेवाले म्हणाले, आणि कप घ्यायला उठले.